टणटणी, रानमोडी काढायला येणाऱ्यांसाठी

पाऊस पडला की झाडं लावायला टेकडीवर गर्दी होते, फोटो निघतात, पेपरात बातमी येते, पण जंगलात जे नकोय ते काढायला माणसं मिळत नाहीत अशी कितीतरी वर्षं गेली. आता जरा बरं चित्र आहे. कॉलेजची पोरं, ट्रेकिंगवाले, रिटायर झालेले काका-काकू, सोसायट्यांचे ग्रुप विचारायला लागलेत की आम्हाला टणटणी काढायला यायचंय, काय आणायचं, कुठे यायचं, कुदळ घेऊन आलं की झालं का. तेवढ्याने होत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय, लांबलचक होईल पण वाचा, कारण हे काम अर्धवट माहितीवर केलं तर जंगलाचा फायदा राहू द्या, उलट नुकसान होतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. जागा छोटी घ्या आणि तीच जागा किमान तीन पावसाळे धरून ठेवा. शंभर माणसं एका रविवारी आली, एक-दोन एकर साफ करून गेली आणि परत फिरकलीच नाहीत तर पुढच्या पावसात तिथे टणटणी आधीपेक्षा दाट उगवते, कारण माती तुम्ही उकरून दिलीत, ऊन तुम्ही आणून दिलंत, बी जमिनीत होतंच. पहिल्या वेळेला पंधरा-वीस जणांचा ग्रुप असेल तर 20 बाय 20 मीटरचा तुकडा भरपूर झाला. खाली जे जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे असं धरून चला.

काढायचं काय, ठेवायचं काय

टणटणी, कुणी घाणेरी म्हणतं, नर्सरीवाले लँटाना म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणली आणि तिथून ती देशभर पसरली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांचा 2020 सालचा अभ्यास आहे, त्यात आपल्या देशातल्या वाघांच्या पट्ट्यातल्या जंगलापैकी 40 टक्क्यांहून जास्त भागात, म्हणजे दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर, टणटणी पोचल्याचं दिसलं. ती नुसती जागा अडवत नाही. खाली गवत येऊ देत नाही, म्हणजे चितळ-सांबर-गव्याचं खाणं गेलं, तिची पानं विषारी, गुरांनी खाल्ली तर कावीळ होते आणि उन्हाने कातडी फाटते. उन्हाळ्यात वणवा लागला की वाळलेल्या काटक्यांवरून आग वर झाडापर्यंत चढते, आणि आग विझल्यावर पहिला फुटवा परत हिचाच.

ओळखायला सोपी आहे, चौकोनी काडी, तिच्यावर मागे वळलेले बारीक काटे, समोरासमोर खरखरीत पानं, चुरडली की उग्र वास. रानमोडी हे असंच बाहेरून आलेलं दुसरं झुडूप, तिचं पान चुरडलं तरी वास येतो पण तिला काटे नसतात, पानाच्या देठाजवळून तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या निघतात, ती एकदा बघितली की परत चुकत नाही. कोकणात आणि घाटाखाली रानमोडी जास्त. गाजर गवत सगळ्यांना माहितीये, त्याची आपल्या देशातली ठळक नोंद 1950 च्या दशकात पुण्यातच झाली, आता ते नाही असं गाव दाखवा.

आणि कॉसमॉस. यावर मला जरा जास्त बोलायचंय. दसऱ्याच्या आसपास पुण्याच्या टेकड्या, साताऱ्याकडचे रस्ते केशरी-पिवळ्या फुलांनी भरून जातात आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, सोनकी फुलली म्हणून टाकतात. ती सोनकी नाही. सोनकी आपली, सह्याद्रीची, बुटकी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पठारावर आणि कड्यांवर फुलते, पिवळीधमक आणि फूल छोटं. कॉसमॉस मेक्सिकोकडचा, कमरेएवढा-छातीएवढा वाढतो, फूल मोठं, रंग केशरीकडे झुकणारा, आणि तो जिथे येतो तिथे सोनकी, तेरडा, कवला यांना उभं राहायला जागा उरत नाही. घरी नेऊन बी पसरवू नका, कुणी बियांचं पाकीट वाटत असेल तर त्यालाही सांगा.

आता ठेवायचं काय, कारण जोशात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. करवंद काटेरी, दाट, टणटणीत गुंतलेलं असतं आणि नवीन माणूस सरसकट दोन्हीवर कोयता चालवतो. पान तोडून बघा, पांढरा चीक आला तर करवंद, हात लावायचा नाही. कारवीची पानं मोठी, खरखरीत, कडेला दातेरी, ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, म्हणजे एक झुडूप तोडलं की इतक्या वर्षांची वाट वाया. गाजर गवतासारखा दिसतो तो ढोरदवणा, त्याचं पान उलटं करून बघा, खालून पांढरट असतं. शंका असेल तर तोडायचं नाही, फांदीला सुती दोरा बांधून ठेवायचा आणि माहितगार माणसाला दाखवायचं.

ग्रुपमध्ये एक तरी वनस्पती ओळखणारा माणूस हवाच, आणि तो पुस्तकी असायलाच पाहिजे असं नाही. गावातल्या एखाद्या मावशी ज्या त्याच रानात सरपणाला, रानभाजीला जातात त्यांना पानाच्या वासावरून कळतं. त्यांना मानाने बोलवा, त्यांचा रोज बुडत असेल तर तो द्या.

परवानगी

जंगल वनखात्याचं असेल तर लेखी परवानगीशिवाय काडीसुद्धा हलवायची नाही. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आत शिरायलाच परवानगी लागते आणि "आम्ही तर चांगलं काम करत होतो" हे तिथे चालत नाही. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावाने, म्हणजे आरएफओ साहेबांच्या, प्रत विभागीय वनाधिकाऱ्यांना, म्हणजे डीएफओंना. अर्जात गावाचं नाव, कक्ष क्रमांक (म्हणजे जंगलाच्या त्या भागाचा खात्यातला नंबर, गार्डला विचारा, तो लगेच सांगेल), तारखा, माणसं किती, हत्यारं कुठली, कुठली झाडं काढणार आणि कुठली नाही, आणि मुख्य म्हणजे परत कधी कधी येणार हे लिहा. तीन वर्षांच्या फेऱ्या लिहिलेला अर्ज बघून साहेब लोकांचा बोलण्याचा सूर बदलतो, त्यांनी एका दिवसाचे उत्साही पुष्कळ बघितलेले असतात. कुणाशी बोलायचं तेच कळत नसेल तर वनखात्याची 1926 ही हेल्पलाईन आहे.

शहरातल्या टेकड्यांवर थोडा भाग वनखात्याचा, थोडा महापालिकेचा, थोडा खाजगी असतो, आधी ते नीट विचारून घ्या. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात, गडचिरोलीत अशी खूप गावं आहेत, ग्रामसभेला विचारायचं, तिथे जंगलाचा कारभार तीच बघते. देवराईचं तर वेगळंच. बऱ्याच देवरायांमधून वाळकी काडीसुद्धा बाहेर नेत नाहीत, चपला बाहेर काढतात, तेव्हा गुरवांना आणि गावकऱ्यांना विचारून, ते म्हणतील तितकंच, आणि काढलेला माल कुठे ठेवायचा तेही तेच सांगतील.

मोठ्या झाडांचं एक सांगून ठेवतो. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ हीसुद्धा बाहेरचीच, आणि आपल्या कित्येक टेकड्यांवर लावलेली. पण उभं झाड तोडायला वेगळा कायदा आहे, शहरी भागात 1975 चा वृक्ष कायदा लागतो, त्या भानगडीत स्वयंसेवकांनी पडूच नये. सुबाभळीची वीतभर रोपं पावसात हाताने उपटा, मोठी झाडं खात्याकडे सोपवा.

कधी जायचं

माती ओली असताना. उन्हाळ्यात मुरूम इतका कडक होतो की कुदळ उडून अंगावर येते आणि मूळ मध्येच तुटतं. टणटणीसाठी जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, त्यातही घाटमाथ्यावर जुलैचा धुवाधार पाऊस टाळा, उतारावरची उकरलेली माती वाहून जाते. गाजर गवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं, म्हणून जून-जुलै. कॉसमॉस ऑगस्टमध्ये, फूल यायच्या आत, हा अलगद उपटला जातो, शाळेच्या मुलांना हेच काम द्या. रानमोडी दिवाळीच्या आत काढायची, डिसेंबर-जानेवारीत तिचं बी तयार होतं आणि वाऱ्यावर म्हाताऱ्या उडाव्यात तसं उडतं, त्या वेळी तिला हलवणं म्हणजे आपणच पेरणं.

अंगावर काय, हातात काय

फुल बाह्यांचा जाड सुती शर्ट, जाड पँट, पायात घोट्याच्या वर जाणारे बूट, पावसात गमबूट. हातमोजे कापडी नकोत, हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगचे चामडी मिळतात ते घ्या, टणटणीचे काटे कापडातून आरपार जातात. साधा चष्मा किंवा गॉगल लावाच, वाकवलेली फांदी सुटली की थेट डोळ्याकडे येते. सेंट-परफ्युम मारून येऊ नका, आग्या मोहोळ जवळपास असू शकतं. गाजर गवतासाठी मास्क हवा, आणि ज्यांना दमा किंवा त्वचेची ॲलर्जी आहे त्यांनी त्या कामाला येऊच नये, त्यांच्यासाठी नोंदी, फोटो, रोपांवर खुणा अशी भरपूर कामं आहेत.

हत्यारं म्हणजे टोकदार कुदळ किंवा टिकाव, कोयता, एखादी पहार, फांद्या छाटायची लांब दांड्याची कात्री. कुदळीचं पातं दांड्यात घट्ट बसलंय का ते घरीच बघा. जेसीबी नको, औषध फवारणं नको, काडेपेटी तर पिशवीतसुद्धा नको.

काम सुरू करण्याआधी

काठीने झुडूप हलवा, आवाज करा आणि दोन मिनिटं थांबा. टणटणीच्या दाट जाळीत ससा असतो, रानडुक्कर असतं, काही भागात बिबट्यासुद्धा दिवसा तिथेच बसतो, त्यांना निघून जायला वाट मोकळी ठेवा, चारही बाजूंनी घेरून उभं राहू नका. घोणस, फुरसं पालापाचोळ्यात असतात, म्हणून दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. सर्पदंशावरचं औषध जवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, तो हात-पाय हलू न देता 108 ला फोन करून थेट दवाखाना.

पक्ष्यांची घरटी बघा. बुलबुल, मुनिया टणटणीत घरटी करतात, अंडी-पिल्लं असतील तर तेवढं झुडूप आजूबाजूच्या फांद्यांसकट सोडा, पुढच्या फेरीला घ्या. खाजकुइलीचे वेल हिवाळ्यात शेंगांवर असतात, वरून सोनेरी लव दिसली की लांबूनच वळसा घाला, ती लव अंगावर पडली तर दिवसाचं काम संपलंच. आणि बारीक किडे, गोचीड. पावसाळ्यानंतर झुडपातून फिरलं की चिगर नावाच्या अगदी बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस या तापाची भीती असते, सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात गोचिडीमुळे माकडताप, तेव्हा तिथे आरोग्य खात्याच्या माणसांना विचारल्याशिवाय काम ठेवू नका. घरी गेलं की लगेच गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे धुवा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "जंगलात गेलो होतो" हे स्वतःहून सांगा.

मग सगळ्यात आनंदाचं काम, आतली रोपं शोधायचं. टणटणी थोडी उचलून आत वाकून बघा. आपट्याचं, हिरड्याचं, अंजनाचं अंगठ्याएवढ्या खोडाचं रोप आत असतं, उजेडासाठी वाकत वाकत जमिनीला जवळजवळ समांतर गेलेलं, शेंड्याला चार पानं आणि बाकी सगळं खोड काटक्यांनी घासून पांढरं पडलेलं. अशा प्रत्येक रोपाला रंगीत सुती दोरा बांधा, कोयत्याला हात लावण्याआधी. इथे घाई करणाऱ्या ग्रुपमध्ये मी जात नाही. नवीन रोपं आणून लावण्यापेक्षा ही रोपं लाखमोलाची आहेत, त्यांची मुळं तिथल्याच मातीत खोल गेलेली असतात, टणटणी काढली की ती पुढच्या दोन पावसाळ्यांत सरळ होऊन सुसाट वाढतात.

मूळ कसं काढायचं

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी बसवलेली पद्धत आहे, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ती कॉर्बेटच्या जंगलात वापरली. टणटणी वरून कापली की परत फुटते कारण खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या गाठीतच फुटवा असतो. पूर्ण मूळ खणून काढायची गरज नाही, ती गाठ जमिनीतून बाहेर आली की पुरे.

दोघांची जोडी करा. पिकलेली काळी फळं असतील तर आधी ती गुच्छासकट गोणीत भरा. मग एकाने कात्रीने वरच्या फांद्या कमी करून गुडघ्याएवढे बुडखे ठेवायचे, ते धरायला लागतात. तोच माणूस बुडखा हाताने एका बाजूला ओढून धरतो, दुसरा विरुद्ध बाजूने जमिनीखाली साधारण तीन इंचावर, तिरक्या कोनात कुदळीचा घाव घालतो. मूळ तुटलं की ओढणाऱ्याच्या हाताला एकदम सैल लागतं, घाव घालणाऱ्याच्या आधी त्यालाच कळतं. गड्डा वर आला की झटकून माती तिथेच पाडायची आणि खड्डा पायाने दाबून वर पाचोळा पसरायचा, माती उघडी ठेवायची नाही. दोन जोड्यांमध्ये किमान तीन-चार मीटर अंतर, आणि कुदळ चालू असताना तिच्या समोर कुणी उभं राहायचं नाही, ओढणारासुद्धा बाजूला.

गड्डा जमिनीवर टाकला तर ओल लागून परत मूळ धरतो, फांद्यासुद्धा पेरांपाशी मुळं सोडतात. म्हणून सगळं उलटं करायचं, मुळं आभाळाकडे, आणि खडकावर नाहीतर झाडाच्या बेचक्यात अडकवून वाळू द्यायचं. वाळलेला माल गावातल्या लोकांना सरपणाला चालतो, खात्याची हरकत नसेल तर द्या. कर्नाटकात मलई महादेश्वर डोंगरातले सोलिगा कारागीर टणटणीच्या काठ्यांचं फर्निचर करतात, वेतासारखं दिसतं. पेटवायचं मात्र नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

तीव्र उतारावर आणि ओढ्याच्या काठावर सगळं एकदम काढू नका, आडव्या पट्ट्या करा, एक काढा एक ठेवा, मोकळ्या पट्टीत गवत धरलं की दुसरी. ससे-पक्ष्यांनाही तोवर आडोसा राहतो.

रानमोडी पावसात बुंध्याशी धरून ओढली की मुळासकट येते. गाजर गवत उपटताना पानांवर मळकट पांढऱ्या रंगाचे, तपकिरी रेघांचे छोटे भुंगे दिसले तर ती झाडं राहू द्या, हे मेक्सिकन भुंगे गाजर गवत खायलाच 1984 पासून आपल्याकडे सोडलेले आहेत, त्यांना खाऊ द्या, तुम्ही पुढच्या झाडाकडे जा.

सुरुवात कुठून करायची हा प्रश्न हमखास येतो आणि सगळ्यांना सगळ्यात दाट जाळीकडेच धाव घ्यायची असते. तसं करू नका. सिडनीला जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी 1960 च्या दशकात वर्षानुवर्षं हाताने तण काढून दाखवलं की चांगल्या जंगलाच्या बाजूने सुरू करायचं आणि हळूहळू बिघडलेल्या भागाकडे सरकायचं, मूळची झाडं जितक्या वेगाने जागा भरतील तितक्याच वेगाने. आपल्याकडेही हेच लागू पडतं. आधी सुटी सुटी, नुकती आलेली झुडपं काढा, मग दाट जाळीची कड, आणि मधला भाग सगळ्यात शेवटी.

निघताना बुटांचे तळवे, पँटची टोकं, हत्यारं, गाडीची चाकं तिथेच ब्रशने साफ करा. एका टेकडीवरचं बी दुसऱ्या टेकडीवर चिखलातूनच जातं.

नंतरच्या फेऱ्या

पहिल्या दिवशीच एक ठरलेला दगड निवडा, त्यावर उभं राहून ठरलेल्या दिशेने फोटो काढा, दर फेरीला तोच दगड तीच दिशा. तुकड्याचे चार कोपरे मोबाईलच्या मॅपवर पिन करून ठेवा, गार्ड दादांनाही पाठवा.

पहिल्या वर्षी काम जुलैत केलं असेल तर सप्टेंबरमध्ये परत जा. तुटून राहिलेली मुळं तोवर फुटलेली असतात आणि बोटभर रोपं हजारांनी असतात, ओल्या मातीत ती चिमटीत येतात, याला ताकद लागत नाही, चिकाटी लागते, कुदळ न झेपणाऱ्यांनी ही फेरी घ्यावी. रोपं सगळीकडे सारखी नसतात. जिथे बुलबुल बसतात त्या झाडांखाली आणि पाण्याच्या वाटेला सगळ्यात जास्त, तिथे आधी बघा. दुसऱ्या वर्षी जून-अखेर आणि सप्टेंबर, तिसऱ्या वर्षी पण तसंच.

मोकळ्या जागेत लगेच झाडं लावायची घाई नको. एक पावसाळा बघा आपोआप काय येतंय. काहीच आलं नाही आणि माती उघडी पडली तर आधी गवत, मारवेल, पवन्या, डोंगरी, त्याच डोंगरावरचं बी नोव्हेंबरात गोळा करून पहिल्या पावसाआधी विस्कटायचं. बी गोळा करायचं तेही परवानगीत लिहून घ्या. गवत धरलं की गावाची गुरं येणार, तेव्हा एक-दोन वर्षं चराई थांबवायचं गावातल्या लोकांशी आणि वन समितीशी आधीच बोलून ठेवा, गुरं ज्यांची आहेत त्यांनाच कामात घेतलं तर हे बोलणं सोपं जातं.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर सप्टेंबरच्या फेरीत नवी रोपं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी उरली आणि गवत गुडघ्याएवढं झालं तर शेजारचा तुकडा जोडायला हरकत नाही. अर्ज नव्याने करा, सोबत त्याच दगडावरून काढलेले तिन्ही वर्षांचे फोटो लावा. जुन्या तुकड्याची फेरी वर्षातून एकदा, ऑगस्टच्या सुमारास, तरीही ठेवायची, शेजारी टणटणी आहे तोवर पक्षी बी आणत राहणार. त्या दिवशी आधी जुन्या तुकड्यातल्या झाडांखाली सगळ्यांनी एक रांग धरून फिरायचं, आणि मग कुदळी घेऊन नव्या तुकड्यात.